काकूंच्या उपाशी प्लेटा

काकूंच्या हाताला एक खोड होती. समोर कुणी उपाशी दिसलं की तो हात काही थांबायचा नाही. लग्न झालं तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे आपले काका, फुंकर मारली तर उडतील असे होते. बस चालवायला बसले की स्टिअरिंगच्या मागे नुसता शर्टच दिसायचा म्हणे. आता त्याच काकांना बुटाची नाडी बांधायची तर आधी खुर्ची शोधावी लागते. शेजारच्यांची मांजर काकूंच्या दारात येऊन येऊन इतकी गुबगुबीत झाली, की तिला कुंपणावरून उडी मारता येईना. शेवटी शेजाऱ्यांनीच हात टेकले आणि मांजर तुमचीच म्हणून सांगून टाकलं.

आता असली बाई नोकरीला लागणार कुठे? अर्थातच स्वयंपाकघरात. कॉलेजच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात काकूंची उमेदीची वर्षं गेली. मुलं जेवायला बसली की त्या हातात पळी घेऊन टेबलांमधून फिरायच्या आणि कुणी पुरे म्हणालं तर त्यांना ते ऐकूच यायचं नाही. तिथे एक हाडकुळा मुलगा होता. ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवायचा, आणि वाचता वाचता घास पाण्याच्या पेल्यात बुडवायचा. काकू सरळ त्याचं पुस्तक मिटून बगलेत मारायच्या. म्हणायच्या, "आधी गिळ, मग शीक." पोरगा निमूट गिळायचा.

पुढे भटारखाना बंद पडला. काकू घरी बसल्या आणि घराला घरघर लागली, कारण भरवायला उरले एकटे काका. काकांनी महिनाभर तग धरला, मग ते सकाळीच फिरायला म्हणून बाहेर पडायला लागले आणि जेवणवेळ टळल्यावर परत यायला लागले. अशातच एक दिवस बाजारात तो हाडकुळा मुलगा भेटला. आता केस पिकलेले, पोट जरासं सुटलेलं. मोठा शास्त्रज्ञ झाला होता, लिव्हरच्या कॅन्सरवर स्वतःची प्रयोगशाळा चालवत होता आणि लोक त्याला सर म्हणत होते.

"काकू, माझ्याकडे कामाला या," सर म्हणाले. "माझ्याकडेही खाणारी तोंडं आहेत."

"किती?"

"मोजता येत नाहीत."

काकूंचा चेहरा असा उजळला, की भाजीवालीने वर बघितलं.

ती तोंडं म्हणजे पेशी. लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी, कधीकाळी कुणा रोग्याच्या अंगातून काढलेल्या आणि तेव्हापासून चपट्या बाटल्यांमध्ये वाढवत आणलेल्या. माणसाच्या अंगाइतकीच ऊब असलेल्या एका कपाटात त्या राहायच्या. त्यांना वेळच्या वेळी ताजं खाणं लागायचं; खाणं म्हणजे साखर, क्षार, जीवनसत्त्वं वगैरे कालवलेलं पाणी. जुनं काढायचं, नवं घालायचं. पेशींना रविवार कळत नाही आणि सणही कळत नाही. दुसरी माणसं या कामाला वैतागायची. काकूंना मात्र हे काम जन्मभर कुणीतरी आपल्यासाठीच राखून ठेवलंय असं वाटलं. पहिले काही महिने त्यांनी नुसती काचेची भांडी धुतली. मग त्यांचा हात कापत नाही हे सरांनी पाहिलं आणि थेंब मोजून ओढायची-सोडायची नळी, पिपेट, त्यांच्या हातात दिली. हातमोजे चढवून, काचेच्या पेटीत हात घालून काकू बाटल्या भरायच्या आणि तोंडाने चालू असायचं, "ये गं, तुझी पाळी. काय गं, काल नीट खाल्लं नाहीस वाटतं? बघ कशी सुकलीयस."

एकदा सरांच्या हाताखालचा एक विद्यार्थी त्यांना डिवचायला गेला. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. सूक्ष्मदर्शकाची खोली त्याच्या ताब्यात होती. "काकू, तुम्ही चक्क कॅन्सरला पोसता की हो!" असं काहीतरी तो बोलून गेला. काकू पिपेट खाली ठेवून त्याच्याकडे वळल्या. त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेला होता. शेवटी शेवटी त्याला चमचाभर पेजही जाईना. काकू वाटी घेऊन तासन् तास बसायच्या आणि तो मान फिरवायचा. माणसाच्या पोटात कण जात नाही, आणि आतला रोग मात्र खाऊन खाऊन माजतोय, याचा त्यांना इतका संताप आला होता की भाऊ गेल्यावर आधी राग आला, रडू नंतर आलं.

"मी यांना पोसते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही यांचा काटा काढायचा. पहिल्याच दिवशी सरांशी बोलून घेतलंय मी. माझं काम मी चोख करते, तुझं तू बघ." लांब्या त्यानंतर त्यांना कधी डिवचायला गेला नाही. उलट दुपारी डबा खाताना त्यांच्याच शेजारी बसायला लागला.

मग प्रयोगशाळेत ती मुलगी आली. हनुवटीपर्यंत येणारा गोल चष्मा, त्यामागे सतत जागरणाने सुजलेले डोळे आणि घर लांब कुठेतरी. लांब्याने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव चष्मिस ठेवलं आणि ते चिकटलं. एका झुडपाच्या मुळातून काढलेला पिवळाजर्द पदार्थ कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा, हा तिचा विषय. त्यात आणखी बरंच काय काय होतं, पण काकूंना तेव्हा एवढंच कळलं होतं, की अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसले पाहिजेत. दिसले तर चष्मिसला पदवी, नाही दिसले तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. काकूंनी मनातल्या मनात तिला तेव्हाच दत्तक घेऊन टाकलं.

आता मुलगी हुशार होती, पण वेंधळी! आल्या आल्या तिने एक घोळ घातला. प्रयोगाच्या प्लेटांमध्ये, म्हणजे पेशी मांडलेल्या झाकणाच्या चपट्या बशांमध्ये, खाण्याऐवजी तिने भलतीच बाटली ओतली. ती बाटली पेशी विसळायच्या मिठाच्या पाण्याची. चूक सोपी होती, कारण चमक बघायच्या प्रयोगांत खाणंही बिनरंगाचंच वापरतात, नाहीतर रंगाने उजेड गढूळ दिसतो. दोन्ही बाटल्या पाण्यासारख्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. रात्रभर मिठाच्या पाण्यात राहिलेल्या पेशी सकाळपर्यंत मेल्या. सर असे कडाडले की तीन खोल्या पलीकडे ऐकू गेलं. तशी सरांची जीभ तिखटच होती, राग आला की समोर कोण आहे ते त्यांना दिसायचं नाही. मुलगी शीतखोलीत जाऊन, तिथल्या गारठ्यात, खोक्यांच्या आड उभी राहून रडली. काकू तिथे बर्फ आणायला गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि बर्फ न घेताच परत आल्या. मात्र त्या दिवसापासून त्यांचा एक डोळा चष्मिसच्या हातावर असायचा.

आणि काय सांगावं! काही आठवड्यांनी भर दुपारी काकूंनी पाहिलं, तर चष्मिस पुन्हा तीच मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन प्लेटांच्या एका रांगेत ओततेय. डोळे तसेच सुजलेले. ओतून तिने प्लेटा उबेच्या कपाटात ठेवल्या आणि दप्तर उचलून व्याख्यानाला निघून गेली.

"अगं बाई, झोपेतच आहे ही कार्टी," काकू पुटपुटल्या.

तिला हाक मारावी, तर सर दारातच उभे होते. तिला सांगितलं असतं तर सरांना कळलं असतं, आणि सरांना कळलं की पुन्हा शीतखोली. काकूंनी सर जाईपर्यंत वाट पाहिली. मग इकडे तिकडे बघून ती रांग बाहेर काढली, मिठाचं पाणी अलगद ओढून घेतलं आणि प्रत्येक प्लेटेत ताजं, कोमट, बिनरंगाचं खाणं घातलं. दुसऱ्याच्या प्लेटेला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. काकूंना तो पाठ होता. पण मुलीची लाज राखायची तर नियमाचं काय लोणचं घालायचंय? प्लेटा होत्या तशा परत गेल्या, चष्मिस व्याख्यानावरून आली, तिने पेशी औषध घालून जागच्या जागी थिजवल्या आणि तिला संशयसुद्धा आला नाही.

पुढच्या प्रयोगाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला पुन्हा. दर वेळी एकच रांग, दर वेळी तीच बाटली. काकूंना वाटायचं, मुलीच्या डोक्यात या बाटलीचं काहीतरी पक्कं बसलंय, आणि तिला आता तोंडावर सांगितलं तर बिचारी खचेल. म्हणून त्या दर वेळी गुपचूप सावरून घ्यायच्या. आणि दर वेळी चष्मिस अंधाऱ्या खोलीतून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर यायची. "नाही लागला," ती लांब्याला म्हणायची. "कंट्रोल पुन्हा नाही लागला."

काय लागत नाही ते काकूंना कळायचं नाही. त्या आपल्या म्हणायच्या, मी एवढं सावरून घेतेय तरी ही गत. मी नसते तर पोरीचं काय झालं असतं?

असं होता होता एक दिवस सरांनी निकाल दिला. शुक्रवारच्या बैठकीत शेवटचा प्रयोग दाखव. या वेळीही तेच झालं, तर पिवळा पदार्थ बंद, नवा विषय घे. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. चष्मिसने गुरुवारी प्लेटा लावल्या. सकाळी तिने एका रांगेत मिठाचं पाणी ओतलं, आणि ती हात धुवायला गेली तेवढ्यात काकूंनी नेहमीच्या सफाईने ते बदलून टाकलं. या खेपेला तर त्यांनी खाणं अंमळ जास्तच घातलं. शेवटचा प्रयोग म्हणून.

दुपारी दोघी डबा खायला बसल्या. चष्मिस नुसती चमचा फिरवत होती.

"खा गं दोन घास," काकू म्हणाल्या. "उपाशीपोटी डोकं चालत नाही."

चष्मिस कसंनुसं हसली. "गंमत बघा काकू. माझ्या प्लेटांचं सगळं उपाशी राहण्यावरच तर अडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की पेशीच्या आत कचरा साठतो. मोडके भाग, जुनं सामान. तिला बाहेरून खायला मिळेनासं झालं, की ती तो कचरा पिशव्यांत भरते आणि पचवून टाकते. आपलंच आपण खायचं. ऑटोफॅजी म्हणतात त्याला. थोडं खाल्लं तर पेशी तगते. कॅन्सरची पेशी तर त्याच्या जोरावर वाईट दिवस काढते. पण तिला नको तितकं खायला लावलं, तर ती स्वतःलाच संपवते. माझं म्हणणं, हा पिवळा पदार्थ तिला तेच करायला लावतो. त्या पिशव्यांना मी चमकणारी खूण लावते, म्हणून त्या हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतात."

"मग दिसतात की नाही?"

"पिवळ्या पदार्थाच्या प्लेटांत दिसतात हो! दर वेळी दिसतात. पण सर म्हणतात, तो पदार्थच मुळात चमकणारा, कशावरून ते ठिपके त्याचेच नाहीत? म्हणून ताडून बघायला शेजारी एक रांग मी मुद्दाम उपाशी ठेवते, तोच माझा कंट्रोल. काही तासच, मरणार नाहीत इतपत. खाणं काढून नुसतं मिठाचं पाणी घालते. उपाशी पेशीत ठिपके यायलाच हवेत, जगभर येतात. आमच्याकडे येत नाहीत! उपाशी पेशीतच येत नाहीत म्हटल्यावर माझ्या बाकीच्या ठिपक्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

काकूंचा घास हातातच राहिला.

"मुद्दाम?" त्यांनी विचारलं. "ते मिठाचं पाणी तू मुद्दाम घालतेस?"

"मग काय चुकून?" चष्मिस म्हणाली. "त्या एका चुकीनंतर दर वेळी बाटली तीनदा वाचून बघते मी." तेवढ्यात तिची वेळ झाली आणि ती प्लेटा थिजवायला उठून गेली.

काकूंनी हातातला घास परत ठेवला. डबा तसाच मिटला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ताटात टाकलं. सांगायचं तर कुठल्या तोंडाने? पोरीचं वाटोळं दुसऱ्या कुणी नाही, आपणच केलंय; तेही मायेने, गुपचूप, महिनोन् महिने. आणि आजचा शेवटचा प्रयोगही सकाळीच आपल्याच हाताने गेला. त्या तिथेच बसून राहिल्या. संध्याकाळी चष्मिस अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली. दप्तर घेतलं आणि गेली.

घरी काकूंनी स्वयंपाक केला नाही. काका आधी खूश झाले, मग घाबरले. "काय गं, बरं नाही का?"

काकूंनी सगळं सांगितलं. रडत, नाक ओढत, मधेच स्वतःला शिव्या घालत. "अहो, गप्प बसले तर कुणाला कळायचं नाही. पुढच्या खेपेला हात लावणार नाही, ठिपके येतील, पोरगी खूश होईल. पण पुढची खेप आहेच कुठे? आणि सांगितलं तर सर मला हाकलतील. हाकलायलाच पाहिजे. मग मी काय करू, तुम्हाला भरवत बसू?"

हे ऐकून काका जरा सावध झाले. पण माणूस मनाने सरळ. पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "मी एवढी वर्षं बस चालवली. रस्ता चुकलो की आधी मागे वळून प्रवाशांना सांगायचो. लोक बोंबलायचे, शिव्या द्यायचे. पण नाही सांगितलं, तर ते आपला थांबा आला म्हणून भलतीकडेच उतरतात गं. ती पोरगी उद्या उतरणार आहे. तिला आज कळायला हवं."

"आज नाही धीर होत. उद्या सांगते. सगळ्यांसमोर."

"बरं. मग आता भात तरी टाकू का मी?"

"टाका," काकू म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या, कारण काकांना भात टाकता येत नव्हता.

शुक्रवारी बैठकीची खोली भरली. पडद्यावर चष्मिसची चित्रं. खाऊ घातलेल्या पेशींची फिकट हिरवी झाक, ठिपका नाही. पिवळ्या पदार्थाच्या पेशी, ठिपकेच ठिपके. आणि उपाशी म्हणून दाखवलेली रांग, पुन्हा नुसती फिकट हिरवी. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झालं तर मग," ते म्हणाले. "आपण बोललो होतो."

तेवढ्यात दार उघडून काकू आत आल्या. हातमोजे तसेच चढवलेले, घाईत काढायचे राहिले होते.

"सर, ती रांग उपाशी नाही. मी तिला जेवायला घातलंय."

कुणाला काही कळेना. काकूंनी मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शीतखोली, बाटली, दारात उभे असलेले सर, सगळं. सांगताना त्या चष्मिसकडे बघत नव्हत्या, सरांकडेही नाही, पडद्यावरच्या त्या गुटगुटीत हिरव्या पेशींकडे बघत होत्या.

सरांचा चेहरा लाल झाला. "काकू! अहो, किती महिने! किती पेशी, किती माणसांची मेहनत! दुसऱ्याच्या प्लेटेला हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी..."

"सर, थांबा!" चष्मिस उभी राहिली होती. सरांना थांबा म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "काकू, मला नीट सांगा. दर वेळी घातलंत? प्रत्येक प्रयोगात?"

"दर वेळी."

"एकदाही राहून गेलं नाही? एखाद्या वेळी गडबड, सुट्टी, विसरलात?"

काकूंना एवढ्या दुःखातही अपमान वाटला. "मी? खायला घालायला विसरेन?"

चष्मिसने दोन्ही हात डोक्याला लावले. मग ती वळून पडद्याकडे धावलीच. "सर, बघा ना! उपाशी रांग उपाशी नव्हतीच! तिला आणि खाऊ घातलेल्या रांगेला एकच खाणं मिळालं. मग दोन्ही सारख्याच दिसायला हव्यात. आणि सारख्याच दिसतात! दर वेळी! सूक्ष्मदर्शक बरोबर आहे, पेशी बरोबर आहेत, मी बरोबर आहे. काहीच बिघडलेलं नाही!"

लांब्या खुर्चीवरून उठला तो डोकं दिव्याला आपटूनच. "म्हणजे मागच्या सगळ्या प्रयोगांतले पिवळ्याचे ठिपके..."

"तेही खरे असतील! निदान खोटे ठरवायला आता कारण उरलं नाही. एकदाच रांग नीट उपाशी ठेवायची, ठिपके दिसले की झालं. मागचं काहीच फेकायचं नाही!"

खोलीत एकच गलका झाला. सरांनी मात्र एकेक करून मागची चित्रं पुन्हा लावायला सांगितली, शेवटपर्यंत पाहिली. मग चष्मा घातला. "एक प्रयोग," ते चष्मिसला म्हणाले. "आणि जमला तरी हे प्लेटेतलं आहे, माणसाच्या पोटातलं नाही. नाचू नका." पण त्यांचा स्वतःचा पाय टेबलाखाली हलत होता, हे लांब्याने पाहिलं. मग सर काकूंकडे वळले. राग उतरला होता. "काकू, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तिला ओरडला असता," काकू म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली. ते टेबलावरचा पेन इकडून तिकडे सरकवत राहिले. "हो," शेवटी ते म्हणाले, "ओरडलो असतो. चुकलंच माझं ते."

चष्मिस तोवर रडायला लागली होती. "मला वाटायचं, इथे माझं कुणीच नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही रोज माझ्यामागे उभ्या होतात."

"मागे उभी राहून वाटोळं केलं गं तुझं," काकू म्हणाल्या आणि हातमोज्यांसकट तिला जवळ घेतलं.

या एका प्रयोगाला सर म्हणाले, काकूंना त्या दिवशी सुट्टी द्या. कपाटाला कुलूपही लावू म्हणाले, पण ते थट्टेने. काकूंनी सुट्टी घेतली नाही. उलट हट्ट धरला, की मिठाचं पाणी मीच ओतणार. "मी बिघडवलं, मीच निस्तरते." चष्मिसने बाटली त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती तीनदा वाचली. मग ज्या हाताने जन्मभर वाढलं, त्या हाताने त्यांनी खाणं काढून घेतलं. रांग कपाटात गेली आणि काकू कपाटाकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. लांब्याने डबा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. काकांचा फोन आला, "जेवलीस का?" तर त्यांनी तो ठेवूनच दिला.

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीतून आधी लांब्याचं ओरडणं ऐकू आलं, मग चष्मिसचं, आणि मग, विश्वास ठेवा, सरांचं. काकूंना ओढत नेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. त्यांनी डोळा लावला. उपाशी पेशींच्या पोटात हिरवे ठिपके लखलखत होते, इतके की मोजायची सोय नाही. शेजारच्या, पिवळ्या पदार्थाच्या पेशींमध्येही तस्सेच, किंबहुना जास्त. आणि त्यातल्या कितीतरी पेशी आकसून, फुटून संपलेल्या.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना भाऊ आठवला, त्याची फिरवलेली मान आठवली, आणि या खेपेला राग आला नाही. "खा मेल्यांनो," त्या हळूच म्हणाल्या. "खा स्वतःलाच."

मग उठल्या, डोळे पुसले आणि एकदम गोंधळल्यासारख्या झाल्या. "झालं ना आता काम? मग त्या उपाशी रांगेला... काही द्यायचं का?"

"काकू, ती रांग थिजवली," लांब्या म्हणाला. "ती मेली केव्हाच."

"हो, ते खरंच," काकू म्हणाल्या आणि हातमोजे काढायला लागल्या. पण चेहरा कसानुसा झालेला सगळ्यांना दिसला.

चष्मिस बाहेर गेली. परत आली ती हातात एक प्लेट घेऊन. झाकणावर नुसतं 'काकू' लिहिलेलं.

"ही मी थिजवली नाही," ती म्हणाली. "प्रयोगाला लागत नव्हती, जास्तीची लावली होती. दुपारपासून उपाशी आहे, पण जिवंत आहे. मला माहीत होतं, तुम्हाला घरी जाववणार नाही."

काकूंनी प्लेट दोन्ही हातांत घेतली. नवे हातमोजे चढवले, खाण्याची बाटली कोमट केली, आणि चष्मिसला म्हणाल्या, "तू पण डबा उघड. तू दुपारपासून काही खाल्लेलं नाहीस."